भास्कराचार्य: २९७ चा वर्ग विचारणारा गणिती आणि त्याच्या पुस्तकांसाठी उभा राहिलेला मठ

२९७ चा वर्ग किती? कागद-पेन न घेता सांगायचं.

गुणाकार मांडायला गेलं तर तीन ओळी, भरपूर हातचे आणि हमखास एखादी चूक. पण २९७ मध्ये ३ मिळवले तर ३०० होतात आणि ३ वजा केले तर २९४ उरतात. ३०० गुणिले २९४ म्हणजे ८८,२००. त्यात ३ चा वर्ग, म्हणजे ९ मिळवायचे. उत्तर ८८,२०९.

एखाद्या क्लासच्या व्हिडिओतला शॉर्टकट वाटावा असं हे प्रकरण आहे. पण हीच संख्या आणि हीच रीत ११५० साली लिहिलेल्या एका संस्कृत पुस्तकात आहे. पुस्तकाचं नाव 'लीलावती' आणि लेखक भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचं नाव माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. पण त्यांची ओळख बहुतेकदा शून्य, न्यूटनच्या आधीचं गुरुत्वाकर्षण आणि दुर्दैवी मुलगी एवढ्यावर संपते. शून्याचे नियम त्यांच्या पाचशे वर्षं आधीच लिहिले गेले होते. मुलीच्या गोष्टीकडे पुढे येऊच. या सगळ्या गोंगाटात राहून जातं ते त्यांनी वर्ग आणि वर्गमूळ या सातवी-आठवीतल्या विषयावर केलेलं काम. आणि ते खरोखरच मोठं आहे.

कोण होते भास्कराचार्य?

जुन्या भारतीय विद्वानांच्या जन्मसालांबद्दल सहसा वाद असतात. भास्कराचार्यांच्या बाबतीत तो नाही, कारण त्यांनी स्वतःच नोंद करून ठेवली आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला, म्हणजे ११५० मध्ये. याच नावाचे आणखी एक गणिती सातव्या शतकात होऊन गेले, म्हणून यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात.

वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घराणं शांडिल्य गोत्राचं, पिढ्यान् पिढ्या विद्वानांचं. गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं दिलं आहे आणि ते सह्य पर्वताच्या परिसरात असल्याचं सांगितलं आहे. हे विज्जडविड म्हणजे आजचं कोणतं गाव, यावर मात्र दीडशे वर्षं चर्चा चालू आहे. काहींनी कर्नाटकातल्या विजापूरकडे बोट दाखवलं, काहींनी जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे. पाटण्याच्या बाजूने एक दगडी पुरावा आहे. तोही पुढे येईल.

'सिद्धांतशिरोमणी'चे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला अंकगणित आणि भूमितीचा, दुसरा अज्ञात संख्यांचा, उरलेले दोन खगोलशास्त्राचे. मुळात सगळी तयारी आकाशासाठीच होती. ग्रह कुठे असेल, ग्रहण कधी लागेल हे काढायचं तर काटकोन त्रिकोण सोडवावे लागतात. आणि काटकोन त्रिकोण आला की कर्णासाठी वर्गमूळ आलंच.

वर्ग करायचा एकच रस्ता नाही

'लीलावती'त वर्गाची व्याख्या अगदी साधी आहे: दोन सारख्या संख्यांचा गुणाकार. पण त्यानंतर भास्कराचार्य एकाच रीतीवर थांबत नाहीत. एक रीत अंकांनुसार पुढे सरकणारी आहे. दुसरी संख्येचे दोन तुकडे करणारी: प्रत्येक तुकड्याचा वर्ग आणि दोन्ही तुकड्यांच्या गुणाकाराची दुप्पट, या सगळ्यांची बेरीज. शाळेत विस्तारसूत्र म्हणून पाठ केलं जातं ते हेच, (अ + ब) चा वर्ग. तिसरी रीत सुरुवातीला पाहिली ती, सोयीची संख्या एकदा मिळवून आणि एकदा वजा करून.

मग सरावासाठी चार संख्या येतात: ९, १४, २९७ आणि १०,००५. ही निवड सहज झालेली वाटत नाही. ९ तोंडपाठ असतो. १४ म्हणजे १० आणि ४ असे तुकडे करता येतात. २९७ ला ३०० जवळ आहे. आणि १०,००५ मांडून गुणत बसलं तर शून्यांच्या रांगा लागतात. पण १०,००० आणि ५ असे तुकडे केले तर दहा कोटी, एक लाख आणि २५, म्हणजे १०,०१,००,०२५ हे उत्तर समोर येतं. प्रत्येक संख्या विद्यार्थ्याला वेगळ्या वाटेने जायला लावते.

पुढच्याच प्रकरणात हीच उत्तरं परत देऊन त्यांची वर्गमुळं विचारली आहेत. चांगल्या शिक्षकाची ही जुनी खोड आहे.

८८,२०९ चं वर्गमूळ, बाराव्या शतकातल्या रीतीने

ही रीत भास्कराचार्यांची नाही. आर्यभटांनी ती ४९९ साली सांगितली होती आणि तेव्हापासून ती चालत आली होती. पण 'लीलावती'तल्या संख्येवरच ती करून पाहिली की शाळेतल्या भागाकार पद्धतीचं कोडं उलगडतं.

८८,२०९ चे अंक उजवीकडून मोजायचे. ९ विषम स्थानावर, ० सम, २ विषम, ८ सम आणि शेवटचा ८ विषम. आता डावीकडून सुरुवात. ८ मधून वजा होईल असा मोठ्यात मोठा वर्ग ४, म्हणून मुळाचा पहिला अंक २. उरले ४. पुढचा ८ खाली घेतला, झाले ४८. याला मुळाच्या दुपटीने, म्हणजे ४ ने भागायचं. भाग १२ वेळा जातो खरा, पण एका जागी एकच अंक मावतो, म्हणून ९ घ्यायचे. ४८ मधून ३६ गेले, उरले १२. खाली २ घेतले, १२२. यातून ९ चा वर्ग ८१ वजा केला, उरले ४१. खाली ०, झाले ४१०. आतापर्यंतचं मूळ २९, त्याची दुप्पट ५८. अठ्ठावन्न साते ४०६. उरले ४. खाली ९ घेतले, ४९. त्यातून ७ चा वर्ग वजा केला की शून्य.

मूळ २९७.

यात दुपटीने का भागायचं, हा प्रश्न वर्गात फार थोडी मुलं विचारतात आणि त्याहून थोड्यांना उत्तर मिळतं. उत्तर वर विस्तारसूत्रातच आहे. अचा वर्ग, अ-ब या गुणाकाराची दुप्पट आणि बचा वर्ग यांनी मिळून जो वर्ग बनला, तो उलगडताना आधी अचा वर्ग काढायचा, मग ती दुप्पट आणि शेवटी बचा वर्ग. वर्गमूळ म्हणजे वर्ग करण्याची क्रिया उलट दिशेने. शाळेतल्या पद्धतीत नंतरच्या दोन पायऱ्या एकत्र करून ४९ नव्वे ४४१ असं एकदम वजा करतात. जुन्या रीतीत त्या सुट्या असल्यामुळे काय चाललंय ते दिसतं.

मूळ पूर्ण निघालं नाही तर?

बहुतेक संख्यांचं वर्गमूळ पूर्ण निघत नाही. दशांश चिन्ह तेव्हा वापरात नव्हतं. मग करायचं काय?

'लीलावती'त एक काटकोन त्रिकोण आहे. त्याच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू सव्वातीन. कर्णाचा वर्ग येतो १६९ छेद ८ आणि त्याचं वर्गमूळ नेमकं निघत नाही. भास्कराचार्य अंश आणि छेद यांचा गुणाकार करतात, १,३५२. त्याला एका मोठ्या वर्गाने, १०,००० ने गुणतात. १,३५,२०,००० चं जवळचं वर्गमूळ ३,६७७. मग १०० आणि ८ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ८०० ने भागायचं. उत्तर ४ पूर्णांक ४७७ छेद ८००.

कॅल्क्युलेटरवर पाहिलं तर खरं उत्तर ४.५९६१९ च्या आसपास आणि भास्कराचार्यांचं ४.५९६२५. दशांश स्थळं हवीत तेवढी शून्यांची जोडी लावा, मूळ काढा आणि मग चिन्ह मागे सरकवा, असं जे आपण आज करतो, तेच इथे चिन्हाशिवाय केलं आहे. आणखी नेमकं उत्तर हवं असेल तर आणखी मोठा वर्ग घ्यायचा.

बाण, कमळ आणि न सापडणारी मुलगी

'लीलावती' टिकली त्याचं एक कारण तिची उदाहरणं. अर्जुन कर्णावर चिडून भात्यातले बाण सोडतो. निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडवतो. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारतो. सहा शल्यासाठी, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्यासाठी, एक कर्णाच्या मस्तकासाठी. एकूण बाण किती?

इथे बाणांची संख्या क्ष मानण्यापेक्षा तिचं वर्गमूळ क्ष मानणं शहाणपणाचं. मग क्षचा वर्ग बरोबर ८ क्ष अधिक २०, असं वर्गसमीकरण मिळतं. क्ष १० येतो आणि बाण १००. पन्नास, चाळीस आणि दहा. ताळा जुळतो.

दुसरं उदाहरण तळ्यातल्या कमळाचं. कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती झुकते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? काटकोन त्रिकोण काढला की उत्तर पावणेचार हात. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर रुक्ष वाटतो, तो इथे तळ्यात उतरतो.

आता त्या मुलीची गोष्ट. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाला एकच शुभ मुहूर्त होता, घटिकापात्रात वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला आणि तिचं नाव अजरामर करायला वडिलांनी पुस्तक लिहिलं, असं ही गोष्ट सांगते. ती आढळते फैजीने १५८७ मध्ये अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. खुद्द 'लीलावती'त यातलं काहीच नाही. प्रश्न कुठे बालिकेला विचारलेत, कुठे हरिणाक्षीला, तर कुठे सरळ मित्राला. गोष्ट सुंदर आहे, म्हणून ती पसरली. पण तिच्यामुळे पुस्तक एका शोकाकुल बापाची भेट होऊन बसलं आणि त्यातली शिकवण्याची करामत झाकली गेली.

एका वर्गाची दोन मुळं आणि उणे संख्येचं एकही नाही

'सिद्धांतशिरोमणी'चा दुसरा भाग, 'बीजगणित', हा जास्त खोल पाण्यात जातो. इथे भास्कराचार्य सांगतात की धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच असतो. म्हणून धन संख्येची वर्गमुळं दोन, एक धन आणि एक ऋण. आणि ऋण संख्येला वर्गमूळच नाही, कारण ती कुणाचा वर्ग होऊच शकत नाही.

आठवीतल्या मुलाला हे नियम म्हणून मिळतात. भास्कराचार्यांनी ते माकडांवर तपासून पाहिले. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? ४८ घेतले तर आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. जुळतं. १६ घेतले तर आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. तेही जुळतं. दोन्ही उत्तरं त्यांना मान्य.

दुसरा कळप. पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसतंय. ५० हे उत्तर चालतं: १० वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १. पण ५ हेही आकड्यांत बसतं: १ वजा ३ म्हणजे उणे २, वर्ग ४, अधिक १. हे उत्तर ते नाकारतात. उणे दोन माकडांवर कुणाचा विश्वास बसणार, असा त्यांचा मुद्दा. समीकरण जे देतं ते सगळं जगात असतंच असं नाही, हे त्यांना नेमकं दिसलं होतं.

उणे संख्येच्या वर्गमुळाचा दरवाजा त्यांनी बंद केला तो पुढे इटलीत किलकिला झाला. कार्डानोने १५४५ च्या आपल्या ग्रंथात अशी मुळं कुरकुरत का होईना वापरली. योगायोग असा की त्याच १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि भास्कराचार्यांच्या नियमांमागची कारणं मांडली.

६१ चा हट्ट

वर्गांवरचं सर्वांत अवघड काम मात्र दिसायला सोपं आहे. एक संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि १ मिळवा. उत्तरही पूर्ण वर्ग आलं पाहिजे. कोणती संख्या?

१ घेतला तर ६२ येतात. २ घेतले तर २४५. ३ घेतले तर ५५०. एकही पूर्ण वर्ग नाही. असं एकेक करून बघत बसलं तर बावीस कोटींच्या पुढे जावं लागतं. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०.

भास्कराचार्यांनी ते 'चक्रवाल' रीतीने काढलं. कल्पना अशी की १ मिळवून जमत नसेल तर आधी जे जमतं ते धरायचं. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. हे तीन नको आहेत, पण सुरुवात तर झाली. यावरून ठरावीक क्रियेने पुढची पायरी येते: ५ चा वर्ग गुणिले ६१, वजा ४, म्हणजे १,५२१, जो ३९ चा वर्ग आहे. चाक असं फिरवत राहायचं. ४ वर पोहोचलं की ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली दिलेला नियम वापरून थेट उत्तराकडे उडी मारता येते.

फ्रान्सच्या फर्मानं १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींपुढे याच प्रकारचं आव्हान ठेवलं, त्यात ६१ ही होता. पाटण्यापासून पॅरिसपर्यंत तेव्हा ही बातमी पोहोचलेली नव्हती.

चक्रवाल रीतीचं श्रेय भास्कराचार्यांनी स्वतःकडे घेतलेलं नाही. ती आधीच्या विद्वानांची असल्याचं ते सांगतात. जयदेव नावाच्या गणितीला ती माहीत होती हे आज आपल्याला कळलंय, पण जयदेवांचा ग्रंथ उरलेला नाही. श्रीधराचार्यांचं बीजगणितही हरवलं. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून सोडवण्याची त्यांची रीत आपल्यापर्यंत आली ती भास्कराचार्यांसारख्यांनी नाव घेऊन उद्धृत केली म्हणून.

दगडावर कोरलेली शाळा

११८३ मध्ये, साधारण एकोणसत्तराव्या वर्षी, भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. पंचांगाची आकडेमोड झटपट करण्यासाठीचं हे आटोपशीर पुस्तक. ही त्यांची शेवटची तारीखवार नोंद.

पुढची गोष्ट पाटण्याच्या शिलालेखात आहे. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड, ज्यांचं नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे, त्यांनी हा लेख शोधला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पूर्ण साखळी आहे. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटण्याहून बोलावून पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. (आळंदीच्या कथांमधले चांगदेव वेगळे.)

या नातवाने पाटण्यात एक मठ काढला. तिथे आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत, एवढाच त्याचा उद्देश. विहार नाही, देऊळ नाही, गणिताची पुस्तकं शिकवण्यासाठी मठ! त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिलं.

लेख बहुतांश संस्कृत श्लोकांत आहे. पण शेवटच्या ओळींमध्ये भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण इथून पुढचा मजकूर पंडितांसाठी नाही, बाजारातल्या लोकांसाठी आहे. पाटण्याच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला द्यायचं आणि जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल.